यास्मिनला पाठवायचा प्रोग्रॅम

सोम. ५ जाने.
या टर्मपासून कॉलेजची कॉम्प्युटर लॅब लिनक्सवर. जुनं डॉस गेलं एकदाचं. असेंब्ली भाषेतला पहिला प्रोग्रॅम मीच लिहून द्यायचा. ‘नाशिक’ पाच वेळा छापायचं, बस्स. चालवला तर थांबेचना. पडदाभर नाशिक नाशिक नाशिक. वीस वर्षं हाच विषय शिकवते आणि पाचपर्यंत मोजता येत नाही! यास्मिन असती तर आधी पोट धरून हसली असती.

मंगळ. ६
आमच्या दोघींचा लॅबमधला नियम : जिने लिहिलं तिने वाचायचं नाही. माझा प्रोग्रॅम यास्मिन एकेक ओळ मोठ्याने वाचणार, मी पाठकोऱ्या कागदावर प्रोसेसरच्या कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे कप्प्यात, आता काय आहे ते मांडत जाणार. सोळा वर्षं एका टेबलावर. मग तिने माहेरी, मालेगावला बदली मागून घेतली. दीड वर्ष झालं. फोन नाही, काही नाही.
आता फोन करायला कारण आहे. कामाचं. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला.

गुरु. ८
नाही केला. अनिलला वाचायला बसवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याने माझा प्रोग्रॅम पहिल्यांदाच हातात धरला. बातम्या दिल्यासारखा वाचत होता. चौथ्या ओळीला जांभई. “अगं, यात गोष्ट कुठेय?”
“जा, चहा टाक.”
त्याचा काय दोष. यास्मिन मध्येच अडायची. “रुक रुक सुनंदा, इथे काय ठेवलंस? फिरसे सांग.” ती अडली की चूक तिथेच असायची. तो आवाज ऐकायचाय मला. चूक गेली खड्ड्यात.

शुक्र. ९
खरं लिहायचं तर तिचे अब्बा गेले तेव्हा मी गेले नाही. परीक्षेची ड्यूटी म्हणून सांगितलं. ड्यूटी बारालाच संपली होती. मालेगाव एसटीने अडीच तास. तिच्या अम्मींसमोर काय बोलायचं, या भीतीने घरी येऊन झोपले. तिला कुणीतरी सांगितलंच. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती बोलायची कमी झाली, आणि मग गेलीच.

रवि. ११
सापडलं! चुका शोधायच्या डीबगरमध्ये एकेक पाऊल टाकत गेले. छापायचं काम लिनक्सच्या गाभ्याकडे, कर्नलकडे द्यायच्या आधी आरसीएक्स रजिस्टरमध्ये पाच. परत आल्यावर भलताच लांबलचक आकडा. कर्नल परतीचा पत्ता तिथेच ठेवतो, माझे पाच पुसून. डॉसमध्ये असं होत नव्हतं, म्हणून सवयीने डोळे झाकून मोजणी तिथेच ठेवली. जुन्या मास्तरणीची खोड. आरबीएक्समध्ये हलवली, त्या कप्प्याला कर्नल हात लावत नाही. पाच नाशिक, शहाण्यासारखे.
आनंद व्हायला हवा होता. रडू आलं. फोन करायचं कारणच संपलं.

सोम. १२
परवा संक्रांत. तिळगुळाचं निमित्त सुचलं, पण ‘गोड बोला’ म्हणायला तोंड कुठेय मला?
दुपारी स्टाफरूममध्ये बसून मोजणी परत आरसीएक्समध्ये नेली. बिघडलेला प्रोग्रॅम तिला पाठवला. “थांबतच नाहीये. बघतेस का?” पन्नाशीला आलेली बाई आणि हे धंदे!

मंगळ. १३
सकाळी यास्मिनचं उत्तर. “मोजणी आरबीएक्समध्ये ठेव.” पाठोपाठ दुसरं. “आणि हे तुला सापडलं नाही? कुणाला बनवतेस? काय बोलायचंय ते सीधा बोल.”
दोन तास लिहिलं, खोडलं. कारणं दिली, काढून टाकली. शेवटी एवढंच पाठवलं, “अब्बा गेले तेव्हा ड्यूटी नव्हती. मी घाबरले. शनिवारी घरी येऊ का?”
चारला उत्तर आलं. “अम्मीला विचारून सांगते. त्या दिवशी तीच सारखी विचारत होती, सुनंदा आली का.”
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.