पेपर होईपर्यंत

प्राजक्ता आत गाढ झोपली होती. तिचं अर्धवट सुटलेलं गणित टेबलावर उघडंच होतं. तुषारने उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहिली.

"प्राजू, बाबांना कारखान्यात वाफेने भाजलंय. आई दवाखान्यात आहे, मीही परत तिकडेच जातोय. फोन करू नकोस, आत लागत नाही. पोहे झाकून ठेवलेत, खाऊनच जा.

तुझं गणित पाहिलं. पोटेन्शियलला दिशा नसते, तू उगाच कोन घेत बसलीस. प्रत्येक चार्जला त्याच्या अंतराने भाग, अंतराचा वर्ग करायचा नाही. मग k ने गुण आणि अधिक-उणे चिन्हांसकट सरळ बेरीज कर. एनर्जी काढताना मात्र जोड्या घे. तीन चार्जच्या तीनच जोड्या होतात, एकही दोनदा धरू नकोस.

बाबा म्हणाले, 'तिले पेपर देऊ दे, मंग लई ये.' पेपर सुटला की सेंटरवर मी घ्यायला येतो, तिकडे घेऊन जातो. तुषारदादा."

बाबा खरंच तसं म्हणाले होते, इच्छापोरच्या कारखान्यातून अँब्युलन्सने आणताना. पहाटे ते गेले, एवढं मात्र त्याने लिहिलं नाही. ही पोरगी आपल्याला कधी माफ करणार नाही, हे त्याला कळत होतं. तरीही त्याने चिठ्ठी पुस्तकाखाली नीट दाबून ठेवली.

जिन्यात शेजारच्या मालतीकाकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"काकू, तिला रिक्षात बसवून द्या," तो म्हणाला. "आणि तोवर रडू नका."