भिंतीलगतची खोली आणि चौथं प्रकरण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, धंदा प्रबंधांची बांधणी, राहणार विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशेजारी, भिंतीला लागून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या गुरुवारी बदलायची आहे. सर्जन म्हणाला, "अजिबात काळजी करू नका," आणि चार ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. राग मात्र पुष्कळ आहे. रागात केलेलं मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलाला दोनदा विचारून घेतलं आहे.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं की मी लग्न केलं नाही आणि मला मूलबाळ नाही. काहीही न लिहिता गेले तर वारस एकच उरतो, माझा थोरला भाऊ, जो भिंतीपलीकडे प्राध्यापक आहे. त्याला पुढे 'दादा' म्हटलं आहे. खोली दादाच्या हातात पडली की तिथे विद्यापीठाचं 'समाजाभिमुख प्रवेशद्वार' उभं राहणार. नकाशा तयार आहे, समितीचा अध्यक्ष दादाच आहे. मी नकाशा पाहिला. माझ्या खोलीच्या जागी एक छानसं झाड काढलेलं आहे.

१. खोली. वडिलांच्या पश्चात राहतं घर दादाने घेतलं आणि ही खोली मला कायमची लिहून दिली. तेव्हाचे त्याचे शब्द: "भिंतीला चिकटलेला गाळा, मला काय करायचाय?" कागद माझ्या पेटीत आहे. ही खोली माझ्यामागे, पोटमाळ्यासह आणि दारावरच्या पाटीसह, माझ्याकडे सतरा वर्षं शिवणकाम करणाऱ्या मावशींना मिळावी. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी आजवर जेवढे प्रबंध हाताळले तेवढे कुठल्याही कुलगुरूने हाताळलेले नाहीत. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मला कशाला? तुमचा भाऊ माझ्या डोक्यावर बसेल." म्हणून इथे स्पष्ट लिहिते: दादाने खोलीबद्दल मावशींशी बोलायचंच झालं तर ते फक्त वकिलासमोर बोलावं, आणि उभं राहून बोलावं.

२. अवजारं. लोखंडी शिकंजा, मोठा कटर, तिन्ही दाभणं, खळीचं पातेलं आणि सोनेरी अक्षरं उठवायचे खिळे हे सगळं खोलीबरोबर मावशींना. खिळ्यांमध्ये 'डॉ'चा खिळा झिजून गुळगुळीत झाला आहे, तो बदलून घ्यावा. बाकीची अक्षरं अजून नव्यासारखी आहेत.

३. भाची. दादाची मुलगी, जिला मी चिमणी म्हणते, तिला माझी घडी दाबायची हाडाची पट्टी आणि कपाटातलं एक पाकीट मिळावं. पाकिटात माझं विद्यापीठाचं प्रवेशपत्र आहे. मी एकोणीस वर्षांची असताना ते आलं होतं. दादा तेव्हा आधीच आत होता. वडील पुठ्ठा कापत होते. वर न बघता म्हणाले, "एकजण गेलाय की. आता तू बस इथे." मी बसले. त्याला तेहतीस वर्षं झाली.

चिमणी बाहेरच्या दोन देशांत शिकून आली. तिथून तिचे फोन यायचे.

"आत्या, इथे विद्यापीठाला भिंतच नाही गं!"

"मग आत कोणीही शिरत असेल."

"शिरतं ना. ग्रंथालयात माझ्या शेजारी बस चालवणारी एक बाई बसते. रोज येते. घुबडांवर वाचतेय."

"तिला पास कोणी दिला?"

"कसला पास?"

मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं, फोन कट झाला.

दुसऱ्या देशातून तिने कळवलं की तिथे निम्मी पोरं कारागिराच्या हाताखाली रीतसर शिकतात, परीक्षा देतात, आणि सुताराशी लोक प्राध्यापकासारखंच बोलतात. "तू इथे असतीस ना आत्या, तर तुझ्या नावामागे उस्ताद लागलं असतं." मी विचारलं, "आणि ती निम्मी कोण, हे कोण ठरवतं?" ती म्हणाली, "शाळेतच ठरतं. दहाव्या वर्षी." म्हणजे तिथे माझ्या वडिलांचं काम सरकार करतं. तिची खोलीतली मैत्रीण तिसऱ्याच देशातली. तिच्याकडे प्रवेशपरीक्षेच्या दिवशी विमानंसुद्धा थांबवतात, पोरांना आवाजाचा त्रास नको म्हणून. "नापास होतात त्यांचं काय?" असं मी विचारायला लावलं. मैत्रिणीने उत्तर दिलं, "त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही." तेवढ्यापुरता तो देश मला आपलाच वाटला.

४. हे कलम लांब आहे. वकील म्हणतो, याची गरज नाही. मला आहे.

बावीस वर्षांपूर्वी दादाने प्रबंध लिहिला: 'उच्च शिक्षण आणि समाज : चार देशांचा तुलनात्मक अभ्यास'. त्यातले तीन देश त्याने पुस्तकांतून उतरवले. चौथा देश आपला. त्यासाठी समाजात जाऊन दोनशे बारा लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. समाज फाटकाबाहेर सुरू होतो, म्हणजे माझ्या खोलीपासून. दादा गठ्ठा घेऊन तेवढाच चालत आला.

"भरून टाक ना. तुला लोक माहीत आहेत."

"लोकांना विचारायचं असतं ना रे?"

"अगं, विचारून तरी वेगळं काय सांगणार ते?"

मी कागद भरले. उजव्या हाताने, डाव्या हाताने, पेन्सिलने, फुटक्या पेनाने. नळ दुरुस्त करणारा झाले, निवृत्त पोस्टमन झाले, तीन मुलांची विधवा झाले. काही कागदांवर चहा सांडला, समाज जिवंत वाटावा म्हणून. दोनशे अकरा कागद असे झाले. शेवटचा मात्र मी माझा म्हणून, खरा भरला. दादाने तो वाचला, त्यावर पेन्सिलने शेरा मारला, बाजूला टाकला, आणि त्याच्या जागी स्वतःच्या हाताने एक न्हावी लिहिला; टाकलेला कागद मी उचलून ठेवला.

प्रबंध बांधायला अर्थात माझ्याकडेच आला. पाच प्रती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. दादा डोक्यावर उभा. तो चहाला गेला तेव्हा मी पाचही प्रतींतून चौथं प्रकरण बाहेर काढलं आणि ग्रंथालयाच्या प्रतीत दोन पानांच्या मध्ये माझा कागद ठेवून कडांना खळ लावली. तेवढ्यात तो परत आला. "अजून शिवलं नाहीस?" घाईत मी चौथ्या प्रकरणाचा सगळा गठ्ठा परत घातला तो उलटा. पाचही प्रतींत बावीस पानं डोक्यावर उभी. कागद चिकटवला तो मुद्दाम; पानं उलटी गेली ती माझी चूक, आणि धंद्यात अशी चूक मी पुन्हा केली नाही.

हे मला कळलं ते पदवीच्या समारंभानंतर, दादाच्या घरी, काचेच्या कपाटातली प्रत सहज उघडली तेव्हा. मी वाट पाहिली. आज ना उद्या कोणीतरी ओरडेल. एका परीक्षकाने तोपर्यंत लिहूनही टाकलं होतं: 'चौथे प्रकरण विशेष वाचनीय.' बावीस वर्षं झाली. ग्रंथालयाची प्रत दोनदा धूळ झाडायला आणि एकदा पाठीचा पुठ्ठा बदलायला माझ्याकडेच आली. माझी खळ जशीच्या तशी होती. दादाने स्वतःसुद्धा ते पुस्तक उघडलेलं नाही. मी ग्रंथालयात जाऊन पाहू शकत नाही. तिथली निम्मी पुस्तकं मी शिवली आहेत, पण माझ्याकडे पास नाही.

५. माघार. गेल्या महिन्यात प्रवेशद्वाराचा प्रस्ताव छापून आला. त्यात लिहिलं आहे की भव्य प्रवेशद्वार ही नागरिकांची जुनी मागणी असून दोनशे बारापैकी एकशे अठ्ठेचाळीस नागरिकांनी ती नोंदवली आहे. आधार: दादाचा प्रबंध, चौथं प्रकरण, प्रश्न एकोणीस.

ते एकशे अठ्ठेचाळीस मला आठवतात. हात दुखायला लागला होता आणि 'भव्य प्रवेशद्वार' हा पहिला पर्याय होता. माझी खोली पाडायची मागणी मीच केली, एकशे अठ्ठेचाळीस वेळा.

मी दादाकडे गेले. तो म्हणाला, "बावीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरतेस? आणि त्यात वाईट काय आहे? दार समाजासाठीच आहे."

"दार आहे की आत्ताही. त्यावर माणूस ठेवलाय ना तुम्ही, कोणी आत येऊ नये म्हणून."

"तुला यातलं कळत नाही."

म्हणून मी या मृत्युपत्राने त्या दोनशे अकरा लोकांच्या वतीने सगळी उत्तरं मागे घेते. नळवाल्याला विद्यापीठाचा अभिमान नाही. पोस्टमनला प्रवेशद्वार नको आहे. विधवेला वेळ नाही. न्हाव्याचं मला माहीत नाही, तो दादाचा आहे. माझं काही झालं वा न झालं तरी या कलमाची प्रत वकिलाने शुक्रवारी सकाळी समितीला आणि वर्तमानपत्राला द्यावी. पोरीचा बाप आहे, बदनामी होईल, असं मला तीन जणांनी ऐकवलं. पोरीला मी स्वतः सांगितलं आहे. ती म्हणाली, "आत्या, लिही."

६. दादासाठी. त्याला माझी पातळ सुरी मिळावी. त्याच्याजवळ पास आहे. त्याने ग्रंथालयात जावं, स्वतःचा प्रबंध मागावा, तो उलटा धरून चौथं प्रकरण पहिल्यांदा वाचावं. चिकटलेली दोन पानं लागली की सुरी कडेने हळू फिरवावी. घाई केली तर कागद फाटेल, त्याला घाईची सवय आहे. आत दोनशे बारावा कागद आहे. प्रश्न चौदा: 'विद्यापीठाशी आपला संबंध काय?' उत्तर माझ्या अक्षरात आहे: 'काही नाही. मला आत यायचं होतं.' खाली पेन्सिलने त्याचा शेरा आहे: 'प्रातिनिधिक नाही. वगळणे.'

त्याने तो शेरा खोडावा एवढीच अपेक्षा आहे. खोडरबर सुरीबरोबर ठेवला आहे.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं, एकही पान उलटं नाही याची खात्री केली, आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: भिंतीलगतची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार.

सही (बांधणीवाली)

साक्षीदार १: शेजारची झेरॉक्सवाली. व्यवसाय: प्रती काढणे. सही.

साक्षीदार २: मागच्या फाटकाचा दरवान. याने विचारलं, "बाई, व्यवसायात काय लिहू?" मी म्हटलं, "करतोस ते लिही." त्याने लिहिलं: 'लोकांना आत सोडणे.' सही.

टीप: साक्षीदार दोनची सही खरी धरावी. व्यवसायाबद्दल मी हमी देत नाही.