ठिपक्याखालचं छप्पर

रागावलेल्या दादास,

"एका ठिपक्यापायी माझी सगळी कॅमेलियाची रोपं भट्टीत घातलीस? बहीण आहेस की वैरीण?" एवढं बोलून तू फोन आपटलास. परदेशातून आलेली रोपं तपासायची हीच माझी नोकरी. तुझ्या नर्सरीचा माल नेमका माझ्याच टेबलावर आला रे. पण तो ठिपका कसला होता, हे तू विचारलंच नाहीस.

पानाच्या मागच्या बाजूला होता. मी सुईनं अलगद उचलला. खवलेकिडीची मादी, मरून वाळलेली. आणि तिच्या पोटाखाली पिठासारखी अंडीच अंडी! अंडी घालून ती जागची हलतच नाही, तिथंच मरते, आणि तिची पाठ लेकरांचं छप्पर होते. माझा डोळा भिंगावरून निघेना. वादळात पत्रे उडाले तेव्हा आई आपल्या दोघांवर अशीच पालथी पडली होती, आठवतं?

त्या छपराखालची पिल्लं बाहेर पडली असती तर आधी तुझी नर्सरी शोषून वाळवली असती, मग गावातली एकेक बाग. म्हणून रोपं जाळायच्या हुकमावर सही केली.

हे पत्र मी टाकणार नाही. तू म्हणशील, एवढा उमाळा आला होता तर सोडायची होतीस.

नमुन्याचं एक पान आम्हाला स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवावं लागतं. त्यावरही एक ठिपका आहे. त्याला मी सुई लावलेली नाही. कधी आलास, तर भिंग तुझ्या हातात देईन.

तुझी वैरीण,
छकुली