खटल्याच्या खर्चाचा जामीन

प्रिय सोन्या,

कितीतरी रविवार झाले, तू घरी फिरकला नाहीस. सूनबाई फोनवर तुझ्या कामाचं निमित्त सांगते, पण तिला खोटं बोलता येत नाही, लगेच त त प प होतं. तू माझ्यावर नाही, स्वतःवरच रुसलायस, एवढं मला कळतं.

आपल्या कारखान्यात तसं बरं चाललंय. स्प्रिंगा वळायचं मशीन पुन्हा कुरकुरतंय. तुझ्या कंपनीने नाकारलेल्या मालाची खोकी दारातच पडून आहेत. परवा त्यांना अडखळून मिस्त्री पडता पडता वाचले आणि त्यांनी तुमच्या साहेबांचा असा उद्धार केला, की मी कान झाकले. तुझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

त्या दिवशी कोर्टात तुमचे वकील म्हणाले, ही बाई हरली तर आमचा खर्च कुठून देणार? आधी तेवढ्या रकमेचा जामीन कोर्टात भरू दे. कंपनीचे हिशेब तू बघतोस, म्हणून प्रतिज्ञापत्र तुझ्या सहीचं. कारखान्याच्या खात्यात काही शिल्लक नाही, असं त्यात होतं. ते खरंच आहे. तुमच्याकडे पैसे अडकले, तेव्हा मी आधी तारवाल्याचं बिल आणि सगळ्यांचे पगार भागवले, मग तुमच्या कंपनीवर खटला भरला. आपलं देणं थकवून दुसऱ्याकडे वसुलीला जाऊ नये, ही तुझ्या बाबांची शिकवण. आमच्या वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जामीन भरा, नाहीतर खटला इथेच थांबेल, असा हुकूम झाला.

वाईट वाटलं का? वाटलं रे. पोटच्या पोराच्या सहीने आई कंगाल ठरली, डोळ्यांत पाणी आलं. पण स्प्रिंगा खराब होत्या असंही लिही म्हणून साहेब तुझ्या मागे लागले होते आणि तू ते लिहिलं नाहीस, हे मला कळलंय. मला तुझा फार अभिमान वाटतो.

काल घर बँकेकडे गहाण ठेवून मी जामीन भरला. ओरडू नकोस. हरले तर घर जाईल आणि मी तुमच्याकडे राहायला येऊन सूनबाईच्या स्वयंपाकात नाक खुपसेन. तेव्हा मी जिंकावं म्हणून आता तीच देव पाण्यात घालून बसेल.

तू राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरतोयस, असं तिने काल रडत सांगितलं, म्हणून हे पत्र. तो फाडून टाक. माझ्यापायी तुझी नोकरी गेली, तर खटला जिंकूनही मी हरलेच. साक्षीला बोलावतील तेव्हा त्यांच्या बाजूने ताठ उभा राहा आणि विचारतील ते खरं सांग, मग माझं घर राहो की जावो. फक्त कोर्ट सुटल्यावर मला टाळून मागच्या दाराने जाऊ नकोस. आपण दोघं एकाच बसने घरी जाऊ.

तुझीच, आणि खटल्यापुरती तुझ्या विरुद्ध,
आई