ओव्हनची पूजा
लोहारा, दसऱ्याचा दुसरा दिवस

डोकं नुसतं तापलंय. उद्या केकची ऑर्डर आणि ओव्हनच्या पडद्यावर सारखा तोच बिघाडाचा कोड. बंद करून चालू केला, तरी तोच! मेकॅनिक फोनवर म्हणाला, पॅनलचा आतल्या बोर्डाशी संपर्क तुटलाय, वायरीच्या जोडात पाणी गेलंय का बघा. पाणी कुठून जाईल? हे लगेच म्हणाले, "दिवसभर केक भाजतीस, बिघडणारच की!" म्हणजे चूक माझीच, व्हय?

प्लग काढून पॅनल खोललं. जोडात चिकट, ओलं कुंकू! तेव्हा आठवलं, काल ह्यांनीच कुंकू लावून पूजा करताना, मी नको नको म्हणत असताना, ओव्हनवर नारळाचं पाणी ओतलं होतं. पुसलं, सुकवलं, तरी तोच कोड. कुंकू दाखवलं तर हसतात, "बघ, पूजा आतपर्यंत पोचली!"

मग उद्याचा केक देवच भाजणार वाटतं.