खडकावरचे रहिवासी

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
सागरी सीमा कार्यालय

विषय : समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात देशाने सामील व्हावे की नाही हे लवकर ठरविण्याबाबत, आणि ठरेपर्यंत पत्नीस बाळंतपणासाठी किनाऱ्यावर नेण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "तूर्त जागा सोडू नये."

महोदय,

१. अर्जदार आपल्याच खात्यात दिवा सांभाळणारा कर्मचारी असून पत्नीसह भर समुद्रातील खडकावर राहतो. करारानुसार जिथे माणूस संसार करू शकतो ते बेट, बाकी नुसता खडक. आणि भोवतालच्या समुद्रावर मोठा हक्क मिळतो तो बेटाला. म्हणून आपण आम्हाला इथे बसवले. आम्ही डब्यांत भाजी लावली, ती खाऱ्या वाऱ्याने जळाली. पाहणीच्या फोटोसाठी पत्नीने किनाऱ्यावरून आलेल्या भाजीच्या जुड्या मातीत खोचल्या.

२. सामील झालो तर समुद्र मिळेल, असे संसदेचे काही सभासद रेडिओवर म्हणतात. हात बांधले जातील, असे बाकीचे म्हणतात. अर्जदाराला दोन्ही पटते. कोणीही जिंका, पण एकदाचे उरका.

३. पत्नीचे दिवस भरत आले आहेत. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसे कळवले तेव्हा आपले उत्तर आले की, खडकावर मूल जन्मल्यास देशाचा दावा भक्कम होईल, अभिनंदन. साहेबांना मूल हवे आहे की पुरावा, असे पत्नीने विचारले.

४. शिधा आणणाऱ्या बोटीच्या तांडेलाला आम्हाला परत नेण्याची मनाई आहे. तो बिचारा नजर चुकवून पोती उतरवतो. हा अर्ज त्याच्याच हाती देत आहे.

साहेब, आता अर्जदार वगैरे लिहवत नाही. मी फार घाबरलो आहे. काल भरतीचे पाणी खोलीत शिरले. बायको पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि मी घमेल्याने पाणी उपसत होतो. त्यातच कळा सुरू झाल्या असत्या तर? मला दिव्यापलीकडे काही येत नाही.

शेजारच्या देशाची गस्ती बोट रोज समोरून जाते. या खडकावर त्यांचाही दावा आहे. पण बोटीवर डॉक्टर असतो, असे तांडेल सांगतो. उद्या दुपारपर्यंत आपली बोट आली नाही, तर मी चादर हलवून त्यांना बोलावणार. आम्ही दोघेही जाऊ. मग इथे कोणीच राहत नसेल. याला देशद्रोह म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण त्याआधी बोट पाठवावी.

आपला,
घाबरलेला, तरी नम्र,
(सही)
दिवा कर्मचारी

दिनांक : कॅलेंडर भिजले आहे. तांडेल मंगळवार म्हणतो.