इम्मासाठी तीन थर

११ ऑगस्ट

बाजारचं आइस्क्रीम आणायचं नाही म्हणजे नाही! जत्रेला आमच्या गल्लीत माझ्याच हातच्या वड्या जातात. खाली चॉकलेट, मध्ये दारूत भिजवलेला केक आणि पाकात परतलेले बदाम, वर हेझलनट. कुणी शिकवलं नाही. जन्मभर फरशा बसवल्या, त्यातूनच कळलं — थर सरळ बसला की चवही सरळ लागते.

आज हेझलनट भाजले. घरभर घमघमाट. बायको, इम्मा, समोरच शेंगा सोलत बसली होती. मान वर केली नाही.

हिवाळ्यातल्या त्या तापानंतर तिला वास येणंच बंद झालं. वास नाही म्हणून चव नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा.

१३ ऑगस्ट

टोमॅटोच्या रश्श्यात तुळस घालायची विसरलो. इम्मा म्हणाली, "छान झालाय."

लग्न झाल्यापासून या बाईनं मला कधी छान म्हटलं नव्हतं! "दालचिनी जास्त झाली, ओरोन्झो." "केक कोरडा पडलाय, ओरोन्झो." खरं सांगायचं तर तिच्या कुरकुरीवरच शिकलो मी. आता सगळंच छान.

१६ ऑगस्ट

चॉकलेटचा थर ओतला. डब्यावर पाणसळ ठेवून थर सपाट बसलाय का बघत होतो, तेवढ्यात मेहुणी टपकली. पाल्मिरा.

"भावोजी, आइस्क्रीम आहे ते, न्हाणीघर नव्हे!"

"तुझ्या न्हाणीघरातलं पाणी अजून मोरीकडंच जातंय ना? मग!"

इम्मा हसली. किती दिवसांनी!

जाताना पाल्मिरा दारात थांबली. आवाज बारीक करून म्हणाली, "रविवारी देवळात इम्मा अगदी धुपाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली हो. डोळे मिटून. मग म्हणाली, चल, काही नाही."

१७ ऑगस्ट

दमट वारा. झडपा ओढून दुपारी पडलो. फटींतून उन्हाच्या पट्ट्या, पांढऱ्या, एकाखाली एक — थरांसारख्या.

डोळा लागला. एका मोठ्या रिकाम्या घरात फरशी बसवत होतो. फरशी आइस्क्रीमची! मऊ, फिकट बदामी, वितळत नव्हती. इम्मा अनवाणी आली, लग्नाआधीची, ओल्या केसांची. माझ्या ताज्या थरावरून सरळ चालत गेली. प्रत्येक पाऊल उमटलं. एरवी मी बोंब ठोकली असती. स्वप्नात नुसता बघत राहिलो. वाटलं, हे असंच राहू दे, घासायला नको.

जागा झालो तर ती शेजारी झोपलेली. माझ्या सदऱ्याला हेझलनटचा वास होता. पूर्वी नाक खुपसून म्हणायची, "आज चांगले भाजलेस."

१९ ऑगस्ट

इम्मा म्हणाली, "यंदा माझी वडी ठेवू नकोस. उगाच वाया. नुसतं गार लागतं रे."

"पहिली वडी तुझीच!" केवढ्यानं ओरडलो. ती कपबश्या विसळायला उठली.

२० ऑगस्ट

काही लिहावंसं वाटत नाही. केक तेवढा भाजला. बरा झालाय. ती म्हणाली, छान.

२२ ऑगस्ट

बदाम करपले! माझे! माझ्या हातून!

पाकात टाकून गॅसवर ठेवले आणि गोठलेल्या चॉकलेटवरचा एक उंचवटा थापीनं घासत बसलो. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईना. त्याच्यातच हरवलो. इम्मा गच्चीवर कपडे वाळत घालत होती, इकडं पाठ करून. धूर दिसायचा प्रश्नच नाही.

"ओरोन्झो! जळतंय बघ काहीतरी!"

कढई मोरीत टाकली. तिनं खरंच म्हटलं, की मला भास झाला?

दुसरी कढई घेतली. आणखी एक मूठ बदाम टाकले. उभा राहून जाळले. मुद्दाम.

"अरे, झोपलास का? बदाम करपताहेत!"